देवाला एकदाच विचारतात

अंधेरी पूर्व,
२४ जून २०२०

दशा,

हे पत्र आईसाठी आहे, तुझ्यासाठी नाही. तेव्हा न वाचता चुलीत घालायचा विचार असेल तर तो सोड. तिला आता अक्षरं दिसत नाहीत, मोतीबिंदूचं ऑपरेशनही साथीपायी पुढं ढकललंय, हे वाकोल्याच्या काकांच्या नंदूनं सांगितलं. घरात वाचणारा तू एकटा. फोनची रेंज धरायला डोंगरावरच्या सड्यावर चढावं लागतं, ते आईला जमत नाही आणि तू माझ्यासाठी चढणार नाहीस. मग माझी वाक्यं तुझ्याच तोंडून निघणार. सहा वर्षांच्या अबोल्यानंतर तू माझ्या वतीनं बोलणार याची मला आताच मजा वाटतेय.

आई, मी बरी आहे. जेवते, झोपते. सकाळी मैदानावर उभारलेल्या केंद्रात रुग्ण बघते आणि दुपारनंतर सरकारच्या समितीचं काम करते. कसली समिती म्हणशील, तर साथ कुठून कुठं जाते, कशी थोपवायची हे शिकलेल्या आम्हा सात-आठ जणांना सरकारनं जमवलंय. ते प्रश्न विचारतात, आम्ही उत्तरं देतो. इतकी वर्षं मी हाच विषय कॉलेजात शिकवला आणि पोरं माझ्यादेखत जांभया द्यायची. आता मोठमोठे अधिकारी कान टवकारून बसतात. परवा वर्सोव्याला कोळीवाड्यात गेले होते. सुक्या बोंबलांच्या टोपलीपाशी एका मावशीनं विचारलं, "बाजार कधी उघडायचा ते तुम्हीच सांगता ना सरकारला?" मी हो म्हटलं. म्हणताना जरा ताठ झाले, खोटं कशाला सांगू.

या आठवड्यात विचारलंय ते आपल्याबद्दलच आहे. चतुर्थीला मुंबईहून कोकणात जाणाऱ्यांना घरात शिरण्याआधी किती दिवस वेगळं ठेवावं? मी चौदा लिहिले. लागण झालेला माणूस दहा-अकरा दिवस धडधाकट हिंडतो आणि मग तापानं पडतो, असं आम्ही केंद्रात बघतोय. आपल्याकडे घरोघरी म्हातारी माणसं आणि धड इस्पितळ म्हणाल तर दीड तासावर. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तूच होतीस, आई. मी चतुर्थीला येईन, गावच्या शाळेत वेगळी राहून चौदा दिवस काढीन आणि मगच उंबरा ओलांडीन.

दशा, एवढं मात्र मनात वाच. तू एमआयडीसीतली चांगली नोकरी सोडून देवळात गुरवकी करायला गेलास, तेव्हा मी हसले होते. त्याचं तुला काही वाटलं नाही. बाबांच्या वेळचं वाटलं. आजारपणात त्यांना मुंबईला न्यायचं का म्हणून तू देवाला कौल लावलास, डावा आला, देव नाही म्हणाला, बाबा गेले आणि मी अंगणात सगळ्यांसमोर तुला बोलले. आजही म्हणते, आणायला हवं होतं. पण माझी आठवण तुला येत नसेल, हे मला पटत नाही.

अनु


अंधेरी पूर्व,
१६ जुलै २०२०

दशा,

पत्र पोचल्याचं नंदूकडून कळलं. आईनं तुला दोनदा वाचायला लावलं म्हणे. भोग आता.

आई, तुझी फार आठवण येते. गेल्या महिनाभर नीट झोप नाही. लहानपणी वाकोल्याच्या खोलीत मी तुझ्या शेजारी निजायचे आणि तू कुशीवर वळलीस की बांगड्या वाजायच्या. त्या आवाजानं जाग यायची आणि लगेच परत झोपही लागायची. इथं माझ्या फ्लॅटमध्ये आवाजच नाही. मेट्रो बंद, विमानं तुरळक. मी केंद्रातून आले की शेजारचे लिफ्टमधून उतरून जिन्यानं जातात. सुरुवातीला हेच लोक माझ्यासाठी थाळ्या वाजवत होते. मला माणूस हवंय, आई. चुकलं तर 'गाढवा' म्हणणारं आणि ताट वाढून समोर बसणारं माणूस.

समितीचं सांगते. चौदा दिवसांचं आमचं उत्तर परत आलं. सोबत भाऊराव साहेबांचा फोन. हे खात्यातले मोठे अधिकारी, बोलायला अगदी लोणी.

"मॅडम, तुमचं शास्त्र शंभर टक्के बरोबर आहे हो. पण चाकरमान्यांना एवढी रजा कोण देणार? जरा फेरविचार करा ना."

मी म्हटलं, रजा किती मिळते हे विषाणूला माहीत नसतं. ते हसले. आम्ही पुन्हा बसलो, पुन्हा सगळे आकडे काढले आणि पुन्हा चौदाच लिहिले. मग पुन्हा फोन.

"बरं, असं सांगा. दहा दिवस अगदीच चुकीचे आहेत का?"

"आहेत."

"मग 'दहा दिवस पूर्णपणे सुरक्षित म्हणता येणार नाहीत' असं लिहू या का? जरा सौम्य वाटतं."

दशा, तू असतास तर पोट धरून हसला असतास. मीही हसले, पण फोन ठेवल्यावर. मला वाटत होतं, उत्तर मिळावं म्हणून विचारतायत. त्यांच्याकडे उत्तर आधीच तयार आहे आणि खाली सही करायला कुणीतरी हवंय.

माझी रजा मंजूर झाली. अकरा ऑगस्टला निघायचं आणि सव्वीसला सकाळी केंद्रात हजर. एक दिवसही वाढवून मिळणार नाही, माणसंच नाहीत. म्हणजे पंचवीसला पहाटेच तिथून परत निघायचं. आता तू हिशेब करशीलच, तुला सवय आहे. माझे चौदा दिवस पाळले तर सगळी रजा शाळेतच संपते आणि घरात पाऊल न टाकता मी परत फिरते. दहा पाळले तर चतुर्थीला आईजवळ. वर आणखी दोन दिवस.

आईला हे वाचू नकोस. तिला फक्त सांग, अनु येतेय.

अनु


अंधेरी पूर्व,
३१ जुलै २०२०

दशा,

तुझा पराक्रम कळला. नंदू काल वाकोल्याहून स्कूटरवर आला, इमारतीखाली उभा राहिला आणि मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून ऐकलं. सगळ्या सोसायटीनंही ऐकलं.

मुंबईकरांना यंदा गावात घ्यायचं की नाही म्हणून गावानं तुला कौल लावायला सांगितलं. तू लावलास. डावा आला. मग मुंबईच्या मंडळानं फोनवर फोन केले, देवळाचा सभामंडप आमच्या वर्गणीतून झालाय याची आठवण करून दिली आणि सोमवारी परत कौल लाव म्हणाले. नंदूनं तुझं उत्तर जसंच्या तसं ऐकवलं, मान तुझ्यासारखी वाकडी करून:

"एकच गजाल देवाक दोनदा इचारूची नसता. उत्तर आवडलां नाय म्हणान देव बदलणा नाय."

आणि तू म्हणे गाभाऱ्याला कडी घालून शेतावर निघून गेलास. आता ते शेजारच्या गावचा गुरव आणायच्या गोष्टी करतायत. वर नंदू मला विचारतो, "ताय, तू तरी समजाव त्येका." मी! तुला!

संध्याकाळी समितीची फोनवरची बैठक होती. संपल्यावर क्षमाला हे सांगितलं. क्षमा म्हणजे माझ्याबरोबर काम करणारी, अंगी कोल्हापूरचा तिखटपणा. कौल म्हणजे काय तेही समजावलं. देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "मग आपण काय वेगळं करतोय गं? आपण पाकळ्याच की. पण तुझ्या भावानं निदान परत लावायला नकार दिला. आपण तिसऱ्यांदा चिकटून बसलोय."

मला राग आला. आमचं काम आणि तुझ्या पाकळ्या एका पंगतीला बसवायला मी आजही तयार नाही, दशा. पाकळी वाऱ्यानं पडते, पाण्याच्या वजनानं पडते. आमचा आकडा आजारी माणसांच्या खाटांपाशी उभं राहून काढलेला असतो. पण विचारणाऱ्याची खोड दोन्हीकडे सारखी, हे मला नाकारता येईना. आणि त्या खोडीपुढं तू कडी घालून निघून गेलास याचा मला अभिमान वाटला. बाबांच्या कौलाबद्दल माझं मत तेच आहे. तरी वाटला.

तिसऱ्यांदा विचारलंय ते असं: 'किमान किती दिवसांनी धोका बराचसा कमी होतो?' बराचसा म्हणजे किती, तर ते आम्हीच ठरवायचं. दहा लिहिलं तर कुणी खोटं म्हणणार नाही, प्रश्नच तसा शिवून आणलाय. दहा लिहिलं तर मी चतुर्थीला आईच्या मांडीवर डोकं ठेवीन.

मी पेन घेऊन बराच वेळ बसले होते. मग लिहिलं, चौदा. आणि खाली लिहिलं, हा प्रश्न यापुढं विचारू नये, उत्तर बदलणार नाही. ते वाक्य तुझ्याकडून उचललं, तुला न विचारता.

आईला एवढंच वाच: मला तिच्या हातची काळ्या वाटाण्यांची आमटी खायची आहे.

अनु


अंधेरी पूर्व,
७ ऑगस्ट २०२०

दशा,

आदेश निघाला. तुमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलाच असेल. कोकणात जाणाऱ्यांनी दहा दिवस वेगळं राहावं, 'तज्ज्ञ समितीच्या सल्ल्यानुसार'. शेवटी समितीतल्या सगळ्यांची नावं छापलीत आणि त्यात माझंही. चौदा दिवसांचं आमचं पत्र, खालच्या त्या ओळीसकट, फाइलमध्ये सुखरूप आहे असं भाऊराव साहेबांनी सांगितलं. "मॅडम, तुमचा सल्ला आम्ही विचारात घेतलाय," असंही म्हणाले. विचारात घेऊन बाजूला ठेवला, तरी घेतला म्हणायचं.

क्षमा म्हणते राजीनामा दे. मी दिला नाही. पुढच्या वेळी नाही म्हणायला तिथं कुणीतरी बसलेलं हवं, असं मी तिला सांगितलं. ते खरं आहे. पण आदेश वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते तिला सांगितलं नाही. तुला सांगते. संतापाच्याही आधी मला आनंद झाला. आता मी जाऊ शकते, मला कुणी अडवू शकत नाही, सरकारच म्हणतंय. मी उठून बॅग काढली आणि मग खाली बसून रडले.

चौदा हा आकडा मी मुंबईतल्या लाखो माणसांसाठी लिहिला. तेव्हा तो सोपा होता.

मंगळवारी पहाटे नंदूच्या गाडीतून निघतेय. प्रवासाचा पास काढलाय. नंदू, त्याची बायको श्रुतिका आणि मागच्या सीटवर मी. आदेश निघाल्यावर गावानं तुझा डावा बाजूला ठेवला, हे त्याच्याकडून कळलं. शाळेतली एक खोली द्या म्हणून सरपंचांना कळवलंय. दहा की चौदा ते तिथं आल्यावर बघू, असं मी स्वतःला सांगितलंय. आपण स्वतःलाही कशा थापा मारतो बघ.

तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण त्या दिवसांत देवळाकडं जाताना शाळेवरून जा.

अनु


अंधेरी पूर्व,
२८ ऑगस्ट २०२०

दशा,

हे पत्र तुझ्यासाठी. आईचं वेगळं पाठवलंय, ते तिला वाच. हे वाचलंस की ठेवून दे किंवा फाडून टाक.

नीट पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रात हजर झाले. काल रुग्णांचे कागद तपासताना हात थांबायचा आणि शाळेची कौलं दिसायची. एवढं वय झालं, एवढं शिकले आणि घर डोळ्यांसमोर असताना मी त्या खोलीत बसून रोज रडले. आपल्या अंगणातली तुळस तिथून दिसते, तुला ठाऊक आहे? आई सकाळी पाणी घालायला यायची, हातानं वृंदावन चाचपायची आणि उजेडाकडं तोंड करून उभी राहायची. मी हाक मारत नव्हते. हाक मारली असती तर ती चालत आली असती, आणि मग मला कुणाच्या बापालाही आवरता आलं नसतं.

तू रोज शाळेच्या दगडी गडग्यावर डबा ठेवून वळायचास. एक शब्द नाही. पण पहिल्याच दिवशी काळ्या वाटाण्यांची आमटी होती. पत्रं तू मनापासून वाचत होतास तर.

दहावा दिवस संपला, दुसऱ्या दिवशी चतुर्थी. सरपंच आदेशाचा कागद घेऊन आले आणि सगळ्यांना मोकळं केलं. बॅगा निघाल्या, कुणी ढोलकीवर थाप मारली. मी पायरीवर बसूनच राहिले. नंदू मागं वळून म्हणाला, "ताय, चल ना! तुझ्याच समितीन सांगल्यान ना दहा?"

"मी चौदा सांगितले होते."

"मगे ह्यां कोणी लिवल्यान? तुझां नाव आसा हयसर."

त्यानं सरपंचांच्या हातातून कागद घेतला. तो कागद हातात धरून उभा राहिला आणि आजूबाजूचे हसायला लागले. सरकारला दहा सांगायचे आणि स्वतः चौदा बसायचं, मोठ्या लोकांची तऱ्हा न्यारी, असं कुणीसं बोललंही. आदेशातल्या माझ्या नावाचा भरवसा धरून ती माणसं आपापल्या म्हाताऱ्या आयांकडे निघाली होती. मी ओरडून सांगितलं, अजून चार दिवस थांबा. नंदूनं माझ्याकडं बघितलं, श्रुतिकाकडं बघितलं आणि मान खाली घालून गेला. कुणीच थांबलं नाही.

आणि मग दिवेलागणीला तू आलास. डब्याची वेळ नव्हती. गडग्यापलीकडं उभा राहिलास आणि सहा वर्षांनी तुझा आवाज ऐकला.

"सगळे गेले. तू कित्याक बसलंस?"

"माझं उत्तर चौदा होतं."

"तोवर तुझी रजा सपता."

"माहीत आहे."

मग म्हणालास, "आणि एकदा इचारू?"

"नको रे," मी म्हटलं. "आज विचारलंस तर बदलेल."

ते अगदी खरं होतं, दशा. भाऊराव साहेबांना तीनदा नाही म्हणणारी मी, तू एकदा 'घरी चल' म्हणाला असतास तर अनवाणी धावले असते. तुला ते कळलं. तू विचारलं नाहीस. "बरां," म्हणालास आणि गेलास. जाताना शाळेचं फाटक बाहेरून ओढून घेतलंस. त्या आवाजानं मला इतकं बरं वाटलं आणि इतकं वाईट वाटलं की काय सांगू. एवढ्या महिन्यांत माझं उत्तर ऐकून तसं वागणारा तूच पहिला.

चतुर्थीचं तर तुला माहीतच आहे. मी लिहितेय ते मला परत एकदा बघायचंय म्हणून. पूजा आटोपून तू आईला हाताला धरून आणलंस, तोंडाला पंचा बांधून, आणि गडग्यापलीकडं स्टूल टाकून बसवलंस. मध्ये सगळं मैदान. मी पायरीवर उभी. "आई," एवढंच ओरडले.

"इलंस गो?" म्हणाली. मग मान इकडंतिकडं फिरवत राहिली, मला शोधत. तिला दिसत नव्हते मी. पांढऱ्या भिंतीपुढं पांढऱ्या कुडत्यातली मी तिला कशी दिसणार! तिनं तुझा हात ओढला आणि विचारलं, "कशी दिसता रे ती?"

तू माझ्याकडं बघितलंस. नीट, वरपासून खालपर्यंत. मीही त्या वेळी स्वतःला तुझ्या डोळ्यांनी बघितलं. मार्चपासून उतरलेलं अंग, गळ्याची हाडं, मास्कच्या दोऱ्यांनी गालांवर पडलेले काळे वण, स्वतःच कात्रीनं कापलेले पांढरे केस. मला वाटलं, हा आता खरं सांगणार. सगळा गाव शपथेवर सांगतो, दशरथ गुरवानं डाव्याला उजवा कधी म्हटलेलं नाही.

"बरी दिसता गे आये," तू म्हणालास. "अंगान भरलीहा. गाल बघ कसे वर इलेत."

आई हसली. पंच्याच्या आड हसली तरी मला कळलं. "मगे बरां," म्हणाली आणि किती वेळ तशीच माझ्या बाजूला तोंड करून बसली. तू तिच्या मागं उभा होतास आणि तुझी मान खाली होती.

तिथून आलेल्या फोनवरून कळलं की गावात अजून कुणालाही ताप आलेला नाही. फार बरं झालं. भाऊराव साहेब म्हणतील, बघा मॅडम, दहा पुरले की. म्हणू देत. मी पुढच्या बैठकीला जाणार आहे आणि विचारलं तर चौदाच सांगणार आहे. बाबांवरून आपलं भांडण आहे ते आहेच. पुढं कधीतरी समोर बसून भांडू, मला त्याचीही ओढ लागलीय.

आता एकच मागते. आई तुला परत विचारील, अनु कशी दिसत होती म्हणून. पाण्याला उठली की विचारील, जेवताना विचारील, रोज विचारील. कंटाळू नकोस. ती विचारील तितक्या वेळा तेच सांग.

अनु